तावेर्नमधील नित्याची मंडळी

मद्यपानाविषयी मराठीत बोलावयाचे म्हटले की वक्त्याने एक तर मान खाली घालून बोलावे, नाही तर तर्जनी उगारून बोलावे, असा एक अलिखित संकेत आहे. हे दोन्ही टाळून आज मी गोव्यातील तावेर्नविषयी चार शब्द सांगणार आहे. शब्द मूळचा पोर्तुगीज. गोव्याबाहेरच्या श्रोत्यांसाठी अर्थ सांगावयाचा तर, गावातील किंवा वाड्यावरील लहानसे पिण्याचे ठिकाण. परंतु 'मद्यपानगृह' म्हटल्याने डोळ्यांपुढे जे उभे राहते ते तावेर्न नव्हे, आणि 'गुत्ता' म्हटल्याने जे उभे राहते तेही नव्हे.

एखाद्या कौलारू घराची रस्त्याकडची खोली असते. दोन बाके, एक मेज, भिंतीला फळी. कोपऱ्यात गर्राफांव, म्हणजे वेताच्या वेष्टनातली पोटाळ काचेची मोठी कुपी. पलीकडच्या दाराला पडदा, आणि पडद्यामागे तावेर्नवाल्याचा संसार; मासळी तळल्याचा वास तिकडून इकडे येतो आणि इकडचा वास तिकडे जातो. पुष्कळ ठिकाणी त्याच फळीवर काडेपेट्या, साबण आणि मेणबत्त्याही असत. त्यामुळे मेणबत्ती आणावयास आलेले पोर बाकावर बसलेल्या आजोबांना पाही, आजोबा पोराला पाहत, आणि दोघांनाही त्यात वावगे वाटत नसे.

येथे मुख्य पेय फेणी. ती दोन प्रकारची: माडाच्या सुरेची आणि काजूच्या बोंडांची. माड येथला पुरातन. काजू मात्र पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून आणला. मार्च ते मे या दिवसांत डोंगरउतारावर पिकून गळून पडलेली बोंडे वेचतात आणि दगडी कुंडीत घालून पायांनी तुडवतात. मग चोथ्याचा ढीग रचून त्यावर जड दगड ठेवला की जो रस ठिबकतो तो नीरो. तो उन्हाळ्यात पोरेबाळेही पितात. तुडवून काढलेला रस सुमारे तीन दिवस आंबवून भट्टीवर चढवला की पहिल्या धारेची हुर्राक निघते. हुर्राकीत पुन्हा आंबलेला रस मिसळून दुसऱ्यांदा गाळले की फेणी. हुर्राक सौम्य आणि अल्पायुषी. पावसाळा लागेपर्यंतच तिचे राज्य. फेणी वर्षानुवर्षे टिकते. 2009 साली काजूच्या फेणीला भौगोलिक उपदर्शनाचा दाखला मिळाला, आणि 2016 साली गोवा सरकारने फेणीला वारसा पेय म्हणून मान्यता दिली.

हा सन्मान पेयाचा झाला. मला सांगावयाचे आहे ते ते पिणाऱ्या नित्याच्या मंडळींविषयी.

तावेर्नमध्ये नवखा माणूस आला तर तो उभा राहतो, कारण प्रत्येक जागा कोणाची ना कोणाची ठरलेली असते. खिडकीजवळ निवृत्त तारवटी बसतो. त्याने बोटीवर अर्धे जग पाहिलेले असते, आणि आता त्याला समोरचे वळण पुरते. दाराशी माडावरून उतरून आलेला रेंदेर. तो बसत नाही, उभ्याने एक पेला घेतो आणि सायकल काढतो. गवंडी येतात, होडीवाले येतात, कचेरीतून सुटलेला एखादा कारकून येतो. चर्चची तिन्हीसांजेची घंटा झाली की बोलणे क्षणभर थांबते. हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही त्या बाकावर असतात, जरी हिंदू घरांतून तेथे जाणे जरा आडवाटेने होते हे मान्य केले पाहिजे.

बोलणे कशाचे? कोणाच्या विहिरीला पाणी आटले, कोणाचा मुलगा आखातातून आला, कोणाच्या मुंडकाराचा खटला कोठवर आला. गावात कोणी मेले तर खांदेकरी येथूनच निघत. कौले शाकारावयास माणूस हवा असेल तर येथे निरोप ठेवला की पुरे. आणि तावेर्नवाला (कित्येक ठिकाणी ती बाईच असते, आणि मग शिस्त अधिक कडक) हे सारे ऐकत असतो. कोणाला तिसरा पेला द्यावयाचा नाही, हे त्याला ठाऊक असते. 'संपली रे आज,' असे तो भरलेल्या गर्राफांवाशेजारी उभा राहून सांगतो, आणि ऐकणाऱ्यालाही ते खोटे असल्याचे कळते. तरी तो उठतो. हे अनोळखी माणसाच्या बाबतीत होत नाही. अनोळखी माणसाला दाम मोजले की हवे तेवढे मिळते.

आता यावर आपल्यापैकी कित्येकजण म्हणतील, हे चित्र बाकावर बसून काढलेले आहे. पडद्याच्या दुसऱ्या बाजूने, किंवा त्याहून नेमके म्हणजे त्या तारवट्याच्या घरातून, ते कसे दिसते? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर मला गोड करून देता येणार नाही. तावेर्नमध्ये उधारीची एक वही असते. महिनाअखेरीस पगार आधी त्या वहीत शिरतो आणि उरलेला घरी जातो. आमच्या तियात्रांत बेबदो, म्हणजे दारुडा, हे हशा पिकवणारे हुकमी पात्र आहे. तो झोकांड्या खात रंगभूमीवर आला की मंडप डोक्यावर घेतात. त्या हसणाऱ्यांत अशा माणसाची बायको बसलेली असते. तीही हसते, आणि घरी जाऊन डाळीचा डबा तपासते. नित्याच्या मंडळींतील काहीजण पन्नाशी गाठत नाहीत. हे सारे खरे आहे, आणि तावेर्नवाल्याच्या 'संपली रे आज'ने त्याची भरपाई होत नाही.

राज्यकर्त्यांनीही या प्रश्नाला हात घातला, पण बहुधा महसुलाच्या बाजूने. 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने ब्रिटिश हिंदुस्थानच्या धर्तीची अबकारी व्यवस्था गोव्यात आली; माडाच्या सुरेवर आणि दारूवर नवे निर्बंध बसले, आणि त्याचा जाच सर्वांत जास्त रेंदेरांना झाला. तो तह 1892 मध्ये संपला. पुढे शेजारच्या मुंबई राज्यात 1949 चा दारूबंदीचा कायदा आला, तेव्हा गोवा पोर्तुगीजांच्या हाती होता. 1961 मध्ये मुक्ती मिळाल्यावरही येथे दारूबंदी आली नाही. वडोदऱ्याच्या श्रोत्यांना हे विचित्र वाटेल. त्यांच्या राज्यात 1960 पासून बंदीच आहे.

बंदीने जे केले नाही ते इतर गोष्टींनी केले. होडीच्या धक्क्याजवळची तावेर्ने होडीच्या वाट पाहण्यावर जगत. मांडवीवर 1970 मध्ये पूल झाला, झुवारीवर 1983 मध्ये. 1986 च्या जुलैमध्ये मांडवीचा पूल कोसळला तेव्हा फेरीबोटींपुढे पुन्हा रांगा लागल्या, पण ती गर्दी घाईची होती, बसणारी नव्हती. किनाऱ्याकडे पर्यटक आले. ज्या खोलीतून दिवसाकाठी दहा पेले जात, ती भाड्याने देऊन अधिक मिळू लागले, आणि तेथे मोठ्या आवाजाचे संगीत लावलेले बार निघाले. डिसेंबर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हमरस्त्यापासून 500 मीटरांच्या आत दारूविक्रीस मनाई केली. पुढे लहान वस्त्यांसाठी हे अंतर 220 मीटर झाले. हेतू अपघात टाळण्याचा, आणि त्याला कोण आक्षेप घेईल? पण सुसाट मोटारी हाकणाऱ्यांच्या बारला जी मोजपट्टी, तीच रस्त्याकाठी चालत येणाऱ्यांच्या तावेर्नलाही लागली. गोव्यासारख्या अरुंद प्रदेशात रस्त्यापासून लांब म्हणजे बहुधा शेतात, नाही तर पाण्यात.

सर्वांत मोठे कारण मात्र साधे आहे. तावेर्नवाल्याच्या मुलाला ते चालवावयाचे नसते. तो बोटीवर गेलेला असतो, नाही तर पोर्तुगालचे पारपत्र मिळवून इंग्लंडात. दर वर्षी परवान्याचे नूतनीकरण करावे लागते. एखाद्या वर्षी म्हातारा जात नाही, आणि तावेर्न संपते. गर्राफांव जुन्या वस्तूंच्या दुकानात जाते, तेथून कोणाच्या तरी दिवाणखान्यात.

तावेर्न बंद झाले म्हणून कोणी पिणे सोडले, असे माझ्या पाहण्यात नाही. खिडकीजवळचा तारवटी आता बाजारातून बाटली आणतो आणि आपल्या ओसरीवर बसून पितो. तिसरा पेला त्याचा तोच ओततो. उधारीची वही नाही, आणि 'संपली रे आज' म्हणणाराही कोणी नाही. मुले परदेशी, बायको वारलेली. पूर्वी तो दोन दिवस बाकावर दिसला नाही तर तिसऱ्या दिवशी रेंदेर सायकल थांबवून हाक मारी. आता शेजारीण डोकावते. तिचेही वय झाले आहे, आणि पावसाळ्यात अंगणातल्या शेवाळावरून ती यावयास भिते.