पांढरा दगड घेताना

 कुणी स्वयंपाक करत ऐकत असाल, कुणी गोठ्यात असाल, कुणी गटाच्या बैठकीत रेडिओ मधे ठेवून बसला असाल. 

आज बोलायचंय दगडाबद्दल. हसू नका, कारण या दगडात गटाचं खेळतं भांडवल अडकू शकतं. दिवाळीच्या, गौरी-गणपतीच्या स्टॉलवर आपले काही गट आता पापड-लोणच्यांबरोबर शोभेच्या वस्तूही ठेवतात. मूर्ती, वाट्या, दिवे, कुंकवाचे करंडे. व्यापारी पांढरीशुभ्र वस्तू हातात देतो आणि म्हणतो, "ताई, प्युअर मार्बल आहे." आपण घेतो आणि गिऱ्हाइकाला तेच सांगून विकतो. पण ती वस्तू अलाबास्टरची असली तर? घेणारी बाई रोज मूर्तीला पाण्याने आंघोळ घालणार, हळूहळू मूर्तीची चकाकी जाणार, नाक-डोळे पुसट होणार. मग ती व्यापाऱ्याला शोधायला जात नाही, आपल्या गटाकडे येते.

म्हणून आधी हे दोन दगड ओळखून घेऊ.

संगमरवर म्हणजे मुळात चुनखडी. जमिनीच्या पोटात दाब आणि उष्णता सोसून ती बदलली आणि घट्ट झाली. ताजमहालाचा पांढरा दगड असाच, राजस्थानातल्या मकराण्याचा. अलाबास्टर म्हणजे जिप्सम. हो, तेच जिप्सम! भुईमुगाला आऱ्या सुटताना आपण घालतो, चोपण जमीन सुधारायला टाकतो, आणि जे भाजून प्लॅस्टर ऑफ पॅरिस करतात. त्याचाच बारीक कणांचा, कोरता येईल असा घट्ट दगड म्हणजे अलाबास्टर. दिसायला दोन्ही पांढरे, दोन्हींत कधी कधी रेघा. पण स्वभाव अगदी वेगळे.

पहिली परीक्षा नखाची. दगडाचा कठीणपणा १ ते १० अशा मोजपट्टीवर मोजतात. जिप्सम त्यात २ वर, आपलं नख साधारण अडीचवर आणि संगमरवर ३ वर. म्हणजे अलाबास्टरवर नखाने ओरखडा उठतो, संगमरवरावर उठत नाही. वस्तू उलटी करा आणि बुडाशी, जिथे पॉलिश नसेल तिथे नख दाबून ओढा. मात्र ओरखडा उठला म्हणजे अलाबास्टरच, असंही नाही. संगजिरे, ज्याला सोपस्टोन म्हणतात, ते याहूनही मऊ असतं आणि हाताला साबणासारखं गुळगुळीत लागतं. पण नख उमटलं तर तो संगमरवर नाही, एवढं पक्कं.

दुसरी परीक्षा लिंबाची. बुडाशी खिळ्याने थोडं खरवडा आणि त्या भुकटीवर लिंबाचे दोन-तीन थेंब टाका. संगमरवर असेल तर बारीक फसफस होते. अलाबास्टर गप्प राहतं. काही जातींच्या संगमरवरात फसफस फारच हळू होते, म्हणून आधी नख, मग लिंबू. आणि लिंबू नुसतं लावून पाहायचं म्हणून पॉलिश केलेल्या बाजूवर कधीच टाकू नका, तिथे डाग राहील.

एक तिसरा प्रकारही बाजारात असतो. संगमरवराची भुकटी डिंकासारख्या रसायनात कालवून साच्यात ओतलेली वस्तू. भुकटी खरी असल्याने लिंबाला तीही फसू शकते. अशा वेळी चार नग शेजारी ठेवून बघा. रेघ न् रेघ सारखी असेल, कडेला साच्याचा सांधा दिसत असेल, तर तो कोरलेला दगड नव्हे.

आता जपायचं कसं? संगमरवराचा वैरी आंबट. लिंबू, चिंच, कोकम, दही, व्हिनेगर. समई जशी आपण चिंचेने लख्ख करतो, तशी संगमरवरी मूर्ती करायला गेलो तर चकाकी जाते. पंचामृताचा अभिषेक झाला की लगेच साध्या पाण्याने धुऊन मऊ फडक्याने कोरडी करा. अलाबास्टरचा वैरी पाणी. एक लिटर पाण्यात जिप्सम साधारण दोन ग्रॅम विरघळतं. एका दिवसात काही कळत नाही, पण रोजच्या आंघोळीने झीज होतेच. ते कोरड्या फडक्याने पुसायचं. त्याला जास्त उष्णताही सोसत नाही, म्हणून त्यात तेलवात लावू नका.

मग अलाबास्टर वाईट का? मुळीच नाही. उजेड त्याच्यातून झिरपतो, आत छोटा एलईडी बल्ब ठेवला की दिवा मधासारखा उजळतो. इटलीत व्होल्तेरा नावाचं गाव आहे, तिथे दोन हजार वर्षांपूर्वीपासून अलाबास्टर कोरतात आणि आजही ते काम चालतं. रावेन्ना शहरातल्या एका प्राचीन समाधीच्या खिडक्यांना काचेऐवजी अलाबास्टरचे पातळ तुकडे बसवलेले आहेत.

गंमत म्हणजे नावातही घोळ आहे. इजिप्तमधल्या जुन्या कबरींत सापडलेल्या भांड्यांनाही लोक अलाबास्टर म्हणतात, पण तो दगड जिप्समचा नाही, चुनखडीच्याच कुळातला आहे. म्हणून व्यापारी काय नाव सांगतो यावर जाऊ नका, दगडाला विचारा.

गटांना माझं सांगणं एवढंच. मोठी ऑर्डर देण्याआधी एक नग विकत घ्या आणि मासिक बैठकीत सगळ्यांसमोर दोन्ही परीक्षा करा. निकाल इतिवृत्तात लिहा. पावतीवर दगडाचं नाव लिहून मागा. लिहून द्यायला व्यापारी काचकूच करू लागला, तर समजून जा. आणि आपण विकताना चिठ्ठी लावा: "अलाबास्टर. पाण्यापासून दूर ठेवा." किंवा "संगमरवर. आंबट लावू नका." देवघरासाठी मूर्ती हवी म्हणणाऱ्या बाईला अलाबास्टर गळ्यात मारू नका, तिला शोकेससाठी ते दाखवा. चिठ्ठीमुळे एखादं गिऱ्हाईक कमी होईलही. पण जे घेईल, ते पुढच्या दिवाळीला पुन्हा आपल्याच स्टॉलवर येईल.