एकाच वाटीत कालवलेला रंग
(वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. शिक्षण सातवीपर्यंतच. पण आपल्या चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या घरी जे घडले तेवढेच सांगा." म्हणून उभी राहिले आहे.

पूर्वी आपल्या धामणगावात पांढऱ्या केसांना मेंदी, नाही तर काहीच नाही. आता मलकापूरला गेलेली बाई येताना रंगाची ट्यूब, ब्लीचची भुकटी आणि डेव्हलपरची बाटली घेऊन येते. डेव्हलपर म्हणजे पाण्यात मिसळलेले हायड्रोजन पेरॉक्साइड. बाटलीवर १०, २०, ३०, ४० असे आकडे असतात. १० म्हणजे ३ टक्के, २० म्हणजे ६, ३० म्हणजे ९ आणि ४० म्हणजे १२ टक्के. मी १० वाचले आणि मनाशी म्हटले, हे तर अगदी सौम्य, याने काय बिघडणार?

घरात लग्न होते. लेकीचे केस आधी काळ्या रंगाने रंगवलेले, तिला ते तपकिरी हवे होते. पार्लरचे पैसे वाचवावे म्हणून मी रंग, ब्लीच आणि डेव्हलपर एकाच वाटीत भज्यांचे पीठ कालवावे तसे कालवले आणि लावले. अर्ध्या तासाने पाहते तर मुळाशी केस नारिंगी, टोके काळीच. मला वाटले, औषध कमी जोराचे आहे, वेळ जास्त द्यावा. पोर म्हणाली, "डोकं जळते वं माय!" मी म्हटले, "थोडा दम धर, रूप काही फुकट येत नाही." हे माझे शब्द मला अजून झोपू देत नाहीत.

धुतले तेव्हा टाळूवर फोड आले होते. फणीत तुटलेल्या केसांचे पुंजके आले. लग्नात ती डोक्यावरची ओढणी घट्ट धरून बसली. माझ्याशी आठ दिवस बोलली नाही.

माझ्या भाचीने पार्लरचे काम शिकले आहे. तिने नंतर समजावले. जोर नुसता बाटलीत नसतो, भुकटीतही असतो. ब्लीचमध्ये परसल्फेट असते आणि ब्लीच क्षारधर्मी असते. लोणारचे पाणी खारे म्हणतो ना, तशा जातीचे. चिमूटभर सोड्याने हरभरे जसे मऊ पडतात, तसा केस त्याने फुगतो, उघडतो. डेव्हलपर कमी जोराचा असला तर काम सावकाश होते एवढेच. आपण घाईने वेळ वाढवला की नुकसान तेच. टाळूच्या उबेने मुळाशी लवकर उजळते, टोकाचा जुना काळा रंग मात्र सहजी हलत नाही. आणि रंग ब्लीचसोबत कालवला की तो धरण्याआधीच ब्लीच त्याला खाऊन टाकते. म्हणजे ट्यूबचे पैसेही पाण्यात! आधी उजळावयाचे, धुवावयाचे, मग रंग. त्या वेळी १० नंबर योग्य, कारण तो केस फारसा न उजळता रंग बसवतो. पांढरे केस झाकावयास बहुधा २० लागतो.

वाटी काचेची किंवा प्लॅस्टिकची घ्यावी, धातूची नको. उरलेले मिश्रण बाटलीत बंद करून ठेवू नये. आत वायू तयार होऊन बाटली फुटते. आणि बायांनो, काळी मेंदी म्हणजे नुसती मेंदी नव्हे. पाकिटावर पी.पी.डी. लिहिले आहे का ते पाहा. काहींना त्याने तोंड सुजण्याइतका त्रास होतो. काही पाकिटांत धातूचे क्षारही असतात. त्या केसांवर पेरॉक्साइड लावले तर केस तापतात. म्हणून आधी काय काय लावले आहे ते विचारल्यावाचून कोणाच्या डोक्याला हात लावू नये. मी तर घरचीच असून विचार केला नाही.

लेकीचे केस आता खांद्यापर्यंत आले आहेत. परवा तीच म्हणाली, "आई, तुझे पांढरे झाले, मी रंगवते." माझ्या कानामागे थेंबभर लावून दोन दिवस थांबावयास सांगितले आहे. ते दोन दिवस उद्या संपतात.