परवलीचा शब्द कुणाला सांगायचा?

पासवर्डला आपण मराठीत परवलीचा शब्द म्हणतो. हा शब्द मूळचा पहाऱ्यातला. रात्री गडाच्या दरवाजाशी कुणी आलं की पहारेकरी परवल विचारायचा, आणि शब्द बरोबर निघाला तरच दिंडी उघडायची. या व्यवहारात एक गोष्ट दोघांनीही गृहीत धरलेली असे, ती म्हणजे दरवाजा खरा आहे. अजिंक्यताऱ्याचा दरवाजा रातोरात दुसऱ्या डोंगरावर उभा करणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. संगणकाच्या पडद्यावर मात्र हुबेहूब दरवाजा उभा करायला चार घटका पुरतात. म्हणून ध्यानीमनी नसताना पासवर्ड मागणारी चौकट समोर आली, तर ती दिसते कशी यावरून तिची पारख होत नाही. ती आली कशामुळे, हे आधी शोधावं लागतं. आज एवढा एकच मुद्दा मांडायचा आहे.

दिसण्यावर भरवसा का नको? सांगलीच्या बाजारात हळद घेणारा जाणकार पॉलिशच्या झळाळीवर भाव ठरवत नाही, हळकुंड मोडून आतला रंग बघतो. पडद्यावरची बोधचिन्हं, रंग, अक्षरं ही सगळी पॉलिशच आहे, ती कुणालाही उचलता येते. 2022 मध्ये एका सुरक्षा संशोधकानं दाखवून दिलं, की वेबपानाच्या आतच दुसऱ्या खिडकीचं चित्र काढता येतं. त्यात वर पत्त्याची पट्टी, पट्टीत खरा पत्ता, शेजारी कुलूपही. वापरणाऱ्याला वाटतं, लॉगिनची वेगळी खिडकी उघडली. हे हळकुंड मोडायची एक युक्ती आहे. ती खिडकी माउसनं धरून ब्राउझरच्या कडेबाहेर ओढून पाहा. खरी खिडकी बाहेर सरकते, चित्र कडेशीच अडतं. अर्थात ती सरकली म्हणजे पान खरंच ठरलं, असं नाही. मुख्य पत्ता तरीही वाचायचाच. आणि कुलपाचं म्हणाल, तर कुलूप एवढंच सांगतं की वाटेत कुणी ऐकत नाही. पलीकडे साव आहे की चोर, हे ते सांगत नाही. कुलूप म्हणजे पलीकडे सावच, असं लोक समजून बसले, म्हणून गूगलनं 2023 मध्ये क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीतून कुलूप काढून टाकलं.

ही अडचण यंत्र बनवणाऱ्यांना फार आधीपासून ठाऊक होती. एकाच मोठ्या संगणकावर अनेक जण आळीपाळीनं काम करत, त्या काळात एखादा महाभाग उठताना पडद्यावर खोटी लॉगिनची ओळ सोडून जाई. पुढचा माणूस मुकाट्यानं पासवर्ड टाईप करी, आणि तो भलत्याच फायलीत जाऊन पडे. यावर तोडगा म्हणून विंडोज एनटीमध्ये लॉगिनच्या आधी कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट या तीन कळा एकत्र दाबायची पद्धत आली. अनेक कार्यालयांत ती आजही आहे, आणि बऱ्याच जणांना ती उगाचची कटकट वाटते. पण या तीन कळा दाबल्या की हाक थेट विंडोजच्या गाभ्यापर्यंत जाते, साध्या प्रोग्रामला किंवा वेबपानाला ती मधेच झेलता येत नाही. म्हणजे पासवर्ड मागणारी चौकट खोटी असू शकते, हे खुद्द बनवणाऱ्यांनीच गृहीत धरलं होतं. त्यांनी दिलेला उपायही बघण्यासारखा आहे: आधी माणसानं हाक मारायची, मग यंत्रानं विचारायचं.

हाच क्रम आपण कसोटी म्हणून वापरू. चौकट आली की हात थांबवा आणि आठवा, मागच्या अर्ध्या मिनिटात आपण काय केलं? प्रिंटरचं सॉफ्टवेअर चढवायला घेतलं असेल आणि विंडोजनं परवानगी मागितली, तर कारण हाती लागलं. तरीही चौकटीतलं निर्मात्याचं नाव वाचाच. तासभर उघडं ठेवलेलं बँकेचं पान पुन्हा लॉगिन मागत असेल, तर तेही समजण्यासारखं आहे. पण आपण उसाच्या बिलाचा हिशेब करत बसलो होतो आणि मधेच ईमेलचा पासवर्ड मागणारी खिडकी उगवली, तर आपण हाक मारलेलीच नाही. इथे आपल्याकडची एक सवयही आड येते. पतसंस्थेत, सेवा केंद्रात, शाळेच्या कार्यालयात एकाच संगणकावर, एकाच पासवर्डनं तिघं-चौघं काम करतात. मग चौकट कुणाच्या कृतीनं आली, हे कुणालाच सांगता येत नाही. प्रत्येकाचं खातं वेगळं असलं तरच या कसोटीला अर्थ उरतो.

यावर रास्त आक्षेप असा, की खऱ्या चौकटीही न बोलावता येतात. हे खरंच आहे. ईमेलचा पासवर्ड फोनवर बदलला की संगणकावरचा मेल प्रोग्राम अचानक नवा पासवर्ड मागतो. ॲपलच्या संगणकाचा पासवर्ड दुसऱ्या कुणी बदलून दिला, की आतली कीचेन, म्हणजे पासवर्डांची पेटी, जुना पासवर्ड मागत राहते. आणि त्याच ॲपलवर 2023 मध्ये सापडलेली ॲटॉमिक स्टीलर नावाची चोरटी प्रणाली अगदी तशीच चौकट दाखवून पासवर्ड लुबाडत होती. मग ओळखायचं कसं? माझं म्हणणं असं, की जागच्या जागी ओळखायची गरजच नाही. चौकट रद्द करा आणि आपल्या नेहमीच्या वाटेनं जा: पत्ता स्वतः टाईप करा, किंवा प्रणालीच्या सेटिंगमध्ये जाऊन पाहा. मागणी खरी असेल तर ती तिथेही भेटेल. खोटी असेल तर तिचा डाव तिथेच संपला. बँकांपुरती ही वाट आता सोपी झाली आहे. रिझर्व्ह बँकेनं त्यांच्यासाठी ‘डॉट बँक डॉट इन’ असा शेवट असलेले पत्ते राखून ठेवले आहेत, ते इतरांना मिळत नाहीत.

कुणी म्हणेल, दारात रांग उभी असताना एवढा वेळ कुणाला आहे? चोराची भिस्त याच घाईवर असते. ‘पी हळद नि हो गोरी’ अशी आपली तऱ्हा झाली की त्याचं काम फत्ते. 2022 मध्ये उबर कंपनीत शिरलेल्या चोरानं एका कंत्राटी कर्मचाऱ्याला लॉगिनला परवानगी मागणाऱ्या सूचना एकामागून एक पाठवल्या, वर कंपनीच्याच तंत्रविभागातून बोलतोय असं भासवलं. वैतागून त्यानं एकदा ‘हो’ म्हटलं, आणि तेवढं पुरलं. कुणी म्हणेल, पासवर्ड गेला तरी ओटीपी आहे ना? खोट्या पानावर टाकलेला ओटीपी त्याच मिनिटाला खऱ्या पानावर वापरता येतो. आणि आमच्या सहकारी संस्थेकडे कोण बघतंय, असं वाटत असेल तर पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक आठवा. ऑगस्ट 2018 मध्ये चोरांनी एटीएम आणि बँकेची मुख्य प्रणाली यांच्या मधे स्वतःचा तोतया उत्तर देणारा बसवला. पैसे देऊ का, असं यंत्रं विचारत होती आणि तोतया ‘दे’ म्हणत होता. 28 देशांतून पैसे निघाले, एकूण 94 कोटींवर रक्कम गेली. समोरचा कोण हे न तपासता विश्वास ठेवला की यंत्रंही फसतात.

तरीही पासवर्ड दिला गेलाच, तर लाजून गप्प बसू नका. दुसऱ्या, खात्रीच्या संगणकावरून तो बदला, तोच पासवर्ड आणखी कुठे वापरला असेल तर तिथेही बदला, आणि पैशांचा संबंध असेल तर ताबडतोब 1930 वर फोन करा. गडावर शब्द एकाकडे असायचा आणि पहारा दुसऱ्याकडे. संगणकासमोर बसलेल्या माणसाला दोन्ही कामं एकट्यानं करायची आहेत. म्हणून शब्द ओठावर येण्याआधी त्यानं पहारेकऱ्याचा जुना सवाल पडद्यालाच विचारावा: कोण आहे तिकडे?