लष्करी दप्तरांतील एक ओळ

लष्करांतून घरीं परतणाऱ्या अमेरिकन शिपायाच्या हातीं निरोपाच्या वेळीं एक कागद पडतो. त्याचें सरकारी नांव डीडी २१४. महाराष्ट्रांतील शेतकऱ्याला सातबाराच्या उताऱ्याचें जें मोल, तेंच तेथील माजी सैनिकाला ह्या कागदाचें. घरासाठीं सवलतीचें कर्ज हवें असो, सरकारी इस्पितळांत औषधोपचार हवा असो, नोकरींत माजी सैनिक म्हणून अग्रहक्क सांगावयाचा असो, किंवा मृत्यूनंतर राष्ट्रीय दफनभूमींत चार हात जागा मागावयाची असो, प्रत्येक दाराशीं प्रथम हाच कागद विचारला जातो. शिपाई रणांगणावर कसा वागला हें त्याच्या सोबत्यांना ठाऊक असतें. परंतु सोबती पांगतात, वृद्ध होतात, मरतात. सरकारला ठाऊक असतें तें एवढेंच, जें त्या कागदावर टंकलिखित झालेलें आहे.

हा नमुना १ जानेवारी १९५० पासून चालू झाला. त्यापूर्वीं प्रत्येक दलाचे दाखले निरनिराळे असत. आजच्या कागदाच्या तेराव्या रकान्यांत पदकें, बिल्ले व मानचिन्हें यांची नोंद असते आणि चौदाव्यांत लष्करी शिक्षणक्रमांची. कोणता शिक्षणक्रम, किती आठवड्यांचा, कोणत्या सालीं पुरा केला. तंटे उद्भवतात ते बहुधा ह्याच दोन रकान्यांवरून.

चुका होतात त्या दुष्टपणानें क्वचितच. समजा, सिग्नल खात्यांतील एक तरुण यंत्रकारागीर आपली मुदत संपवून निघाला आहे. त्याच्या शाळेंतील प्रमाणपत्राची प्रत एका छावणींत राहिली, पदकाचा हुकूम दुसऱ्या पलटणीच्या दप्तरांत पडला, आणि मुक्तीचा कागद तिसऱ्याच ठिकाणच्या कारकुनानें भरला. कारकुनापुढें असेल तेवढेंच तो लिहिणार. शिपायाचें चित्त आगगाडीच्या वेळेकडे असतें, तो न वाचतां सही करितो, कागद घडी करून पेटींत टाकितो, आणि पुढें तीस-चाळीस वर्षांनीं एखाद्या नातवानें "आजोबा, तुमचीं पदकें कोठें आहेत?" असें विचारलें कीं ती पेटी उघडली जाते. तेव्हां कळतें कीं तेराव्या रकान्यांत दोनच नांवें आहेत आणि चौदाव्यांत एकच शब्द आहे: 'नाहीं'.

शिक्षणक्रमाची ओळ गळणें ही पदकापेक्षां हलकी बाब आहे असें वरवर वाटतें. पण तरुण माणसाच्या पोटाचा प्रश्न बहुधा तिच्याशींच अधिक निगडित असतो. अमेरिकेंत लष्करी शिक्षणक्रमांची छाननी करून त्यांना महाविद्यालयीन गुण द्यावेत कीं नाहींत याविषयीं शिफारस करणारी शिक्षणपरिषद आहे, आणि अनेक विद्यापीठें ती शिफारस मानतात. रडारची दुरुस्ती लष्करांत कित्येक आठवडे शिकलेल्या माणसास तोच पाठ पुन्हां पैसे भरून गिरवावा लागतो, कारण कागद म्हणतो कीं तो शिकलाच नाहीं.

कांहीं वेळां तर कोणाचीच चूक नसते. नियमच मागाहून होतो. दुसऱ्या महायुद्धांत प्रत्यक्ष लढाईंत भाग घेणाऱ्या पायदळाच्या शिपायांना एक निळा बिल्ला मिळे. १९४७ सालीं असें ठरलें कीं हा बिल्ला ज्यांनीं युद्धकाळांत मिळविला ते 'ब्राँझ स्टार' ह्या पदकासही पात्र समजावे. पण तोंवर लाखों शिपाई १९४५-४६ मध्येंच घरीं परतले होते! त्यांच्या दाखल्यावर तें पदक असणार कोठून? कोरियाच्या युद्धांत लढलेल्या अमेरिकनांना दक्षिण कोरियाच्या सरकारनें देऊं केलेलें युद्धसेवापदक स्वीकारण्याची परवानगी अमेरिकेनें दिली ती १९९९ सालीं. युद्धकैद्यांचें पदक १९८५ च्या कायद्यानें निघालें आणि तें ५ एप्रिल १९१७ पर्यंत मागें लागू केलें गेलें. ज्याला तें मिळावयाचें त्याला त्याची वार्ता असेलच असें नाहीं, आणि सरकार सामान्यतः दार ठोठावीत येत नाहीं, मागावें लागतें.

मागणारा जातो तो सेंट लुई शहराच्या दप्तरखान्याकडे. मिसुरी राज्यांतील ह्या राष्ट्रीय दप्तरखान्यांत निवृत्त सैनिकांच्या सेवापुस्तिका ठेवलेल्या असतात. त्याची जुनी इमारत १९५६ सालीं पुरी झाली. मिनोरू यामासाकी ह्या शिल्पज्ञानें ती आंखली होती. न्यूयॉर्कचे दोन जुळे मनोरे पुढें त्याच्याच कल्पनेंतून उभे राहिले. इमारत प्रशस्त होती, परंतु पुस्तिकांच्या मजल्यांवर आग विझविणाऱ्या पाण्याच्या फवाऱ्यांची सोय नव्हती.

१२ जुलै १९७३ रोजीं मध्यरात्र उलटतांच सहाव्या मजल्यावर आग लागली. ती पूर्णपणें विझण्यास चार दिवसांहून अधिक काळ लागला. आगीचें निश्चित कारण कधींच ठरलें नाहीं. जळालेल्या पुस्तिकांचा आंकडा १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख इतका धरला जातो. १९१२ च्या नोव्हेंबरपासून १९६० च्या आरंभापर्यंत मुक्त झालेल्या भूदल सैनिकांच्या सुमारें ८० टक्के पुस्तिका नाहींशा झाल्या. सप्टेंबर १९४७ ते जानेवारी १९६४ या काळांतील वायुदलाच्या, वर्णानुक्रमानें 'हबर्ड' ह्या नांवापुढच्या, सुमारें ७५ टक्के गेल्या. ह्या पुस्तिकांच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या, सूक्ष्मचित्रें घेतलेलीं नव्हतीं, आणि काय काय होतें याची सूचीही केलेली नव्हती. पहिल्या महायुद्धापासून कोरियापर्यंतच्या जवळजवळ दोन पिढ्यांची साक्ष एका मजल्यावर, एकाच प्रतींत, ठेवली गेली होती. ह्या निष्काळजीपणाला दुसरें सौम्य नांव देणें अवघड आहे.

जें उरलें तें भिजलें होतें. जुलैची उष्णता आणि ओला कागद यांचा संयोग म्हणजे बुरशीला आमंत्रण. म्हणून थायमॉलचे फवारे मारण्यांत आले. ओव्याचें फूल म्हणून घरोघरीं जी वस्तु पोटदुखीवर देतात, तीच ही! नंतर भिजलेले गठ्ठे दुधाच्या बाटल्यांच्या प्लास्टिकच्या पेट्यांत भरून मॅक्डॉनेल डग्लस ह्या विमानकंपनीच्या निर्वात कोठडींत वाळविले. मर्क्युरी आणि जेमिनी ह्या अंतराळमोहिमांसाठीं वरच्या आकाशासारखी स्थिति निर्माण करण्यास ती कोठडी पूर्वीं वापरलेली होती. अशा रीतीनें सुमारें ६५ लाख होरपळलेल्या वा भिजलेल्या पुस्तिका वांचल्या. त्यांतील पानें आजही कडेनें काळीं पडलेलीं असतात आणि तीं उलटणाऱ्यास फार जपून उलटावीं लागतात.

ज्याची पुस्तिका पूर्ण जळाली त्याच्यासाठीं दप्तरखाना इतर खात्यांतून तुकडे जमवितो. शेवटच्या पगाराची पावती, पलटणीचे रोजचे हजेरीअहवाल, इस्पितळांतील नोंदी, लष्करभरतीचे कागद, राज्यसरकारांकडील प्रती, ह्यांतून सेवेच्या तारखा व मुक्तीचा प्रकार बहुधा सिद्ध करतां येतो. पदकांचें मात्र तसें नाहीं. पगाराच्या पावतीवर शौर्य लिहिलेलें नसतें.

साध्या चुका, म्हणजे हुकूम हातीं असूनही नोंद राहिली अशा, संबंधित दलाचें कार्यालयच दुरुस्त करूं शकतें. त्यापुढची पायरी म्हणजे लष्करी नोंदींचें दुरुस्तीमंडळ. १९४६ पूर्वीं एखाद्या शिपायाची नोंद सुधारावयाची म्हणजे काँग्रेसच्या सभासदाला गांठून त्या एका माणसापुरतें खाजगी विधेयक आणवावें लागे. ज्याची ओळख मोठी, त्याचें काम लौकर. २ ऑगस्ट १९४६ च्या कायद्यानें अशीं विधेयकें बंद केलीं आणि तो अधिकार दलमंत्र्यांस दिला. तो त्यांनीं नागरिकांच्या मंडळामार्फत चालवावयाचा. मंडळावर गणवेशधारी अधिकारी नसावे, ही त्यांतील मोठी शहाणपणाची गोष्ट. भूदलाचें एक, वायुदलाचें एक, आणि आरमार व मरीन यांचें मिळून एक, अशीं मंडळें आहेत. चूक दुरुस्त करणें किंवा अन्याय दूर करणें, ह्या दोन्ही गोष्टी त्यांच्या अधिकारांत येतात. चूक कळल्यापासून तीन वर्षांत अर्ज करावा असा नियम आहे, पण न्यायासाठीं आवश्यक वाटल्यास मंडळ ही मुदत बाजूला ठेवूं शकतें. अर्जास शुल्क नाहीं. सैनिक हयात नसेल तर विधवा किंवा मुलें अर्ज करूं शकतात.

अडचण आहे ती पुराव्याची. मंडळ स्वतः शोध करीत फिरत नाहीं. सरकारी नोंद खरीच, असें गृहीत धरून तें आरंभ करितें आणि ती खोटी आहे हें दाखविण्याचें ओझें अर्जदारावर असतें. युद्धांत जखमी झालेल्यास मिळणाऱ्या 'पर्पल हार्ट'चेंच पाहा. जखम शत्रूच्या कृत्यानें झालेली असावी, तिच्यावर वैद्यकीय उपचार आवश्यक झालेले असावे, आणि त्या उपचाराची नोंद असावी. शरीरावर गोळीचा व्रण आहे, पण मलमपट्टी करणाऱ्याचें टिपण जळालें, अशा माणसानें काय करावें? हा निव्वळ मानाचा प्रश्न नाहीं. हें पदक कागदावर असलें तर माजी सैनिकांच्या इस्पितळांत अग्रक्रम लागतो, आणि मनावर झालेल्या आघाताबद्दल भरपाई मागतांना तो माणूस लढाईंत होता याचा तें पुरावा ठरतें. अशा वेळीं बरोबरीच्या शिपायांच्या शपथेवरील जबान्या, आईला धाडलेलीं पत्रें, गांवच्या वर्तमानपत्रांतील चार ओळींचें कात्रण, इस्पितळाच्या खाटेवरचें छायाचित्र, ह्यांना महत्त्व येतें. म्हणून जाणते सल्लागार अर्ज करण्याआधीं माळ्यावरची ट्रंक शोधण्यास सांगतात.

ह्या मंडळापुढें आलेलें सर्वांत विलक्षण प्रकरण एका स्त्रीचें आहे, आणि तिचा अर्ज येण्यापूर्वीं अर्धशतकाहून अधिक काळ ती मृत्यु पावलेली होती. डॉ. मेरी वॉकर १८५५ सालीं वैद्यकीची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. अमेरिकन यादवी युद्ध पेटल्यावर त्या उत्तरेच्या सैन्याकडे गेल्या. आधीं बिनपगारी काम केलें, पुढें करारावर सहायक शस्त्रवैद्य म्हणून नेमणूक मिळविली. एप्रिल १८६४ मध्यें दक्षिणेच्या सैन्यानें त्यांना पकडलें आणि ऑगस्टपर्यंत रिचमंडच्या तुरुंगांत ठेवलें. नोव्हेंबर १८६५ मध्यें अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनीं त्यांना 'मेडल ऑफ ऑनर' हें सर्वोच्च पदक दिलें. आजवर तें मिळालेल्या त्या एकट्याच स्त्री होत.

१९१७ सालीं ह्या पदकांची झडती झाली आणि ९११ नांवें यादींतून कमी करण्यांत आलीं. त्यांपैकीं ८६४ मेनच्या एकाच पलटणीचीं होतीं. नोकरीची मुदत वाढविण्याच्या मोबदल्यांत तीं पदकें वांटलीं गेलीं होतीं, त्यामुळें त्यांविषयीं कोणी अश्रु ढाळले नाहींत. पण त्याच फटक्यांत वॉकर यांचेंही नांव गेलें. कारण असें कीं करारावरील वैद्य हा नागरिक, सैनिक नव्हे. 'बफेलो बिल' म्हणून गाजलेले वाटाडे कोडी ह्यांचेंही नांव ह्याच न्यायानें गेलें, त्यांच्या मृत्यूनंतर महिन्याभरानें. वॉकर बाई मात्र हयात होत्या. सरकारनें नांव काढलें तरी त्यांनीं पदक काढलें नाहीं. आयुष्यभर पुरुषी विजार घालून लोकांचीं बोलणीं सोसलेल्या ह्या बाईंना एका फर्मानाचें भय कसलें! १९१९ सालीं मृत्यु येईपर्यंत त्या तें छातीवर लावीत राहिल्या. १९७७ च्या जूनमध्यें भूदलाच्या दुरुस्तीमंडळाच्या निर्णयावरून तें पदक त्यांच्या नांवावर पुन्हां चढलें. कोडी व आणखी चार वाटाड्यांचीं पदकें १९८९ सालीं परत आलीं.

जें लिहिलेलें खोडलें गेलें तें पुन्हां लिहितां येतें. जें मुळांतच लिहिलें गेलें नाहीं त्याची गति निराळी. दुसऱ्या महायुद्धांत दहा लाखांहून अधिक कृष्णवर्णी अमेरिकनांनीं सेवा केली, आणि युद्धकाळांत त्यांतील एकालाही हें सर्वोच्च पदक मिळालें नाहीं. १९९० नंतर लष्करानें अभ्यासकांकडून ह्याचा शोध करविला. १३ जानेवारी १९९७ रोजीं सात जणांना तें देण्यांत आलें. त्यांपैकीं व्हर्नन बेकर हे एकटेच समारंभाला चालत आले. बाकीच्या सहा जणांचीं पदकें घेण्यास दुसरींच माणसें उभीं होतीं.

सामान्य अर्जदाराच्या वांट्याला असा समारंभ येत नाहीं. महिनोनमहिने वाट पाहिल्यावर त्याच्या घरीं एक लिफाफा येतो. अर्ज मान्य झाला असेल तर त्यांत डीडी २१५ नांवाचा एक कागद असतो. जुना दाखला बहुधा रद्द होत नाहीं, त्यावर खाडाखोडही करीत नाहींत. अमुक रकान्यांत अमुक शब्द वाढवावे, एवढेंच ह्या दुसऱ्या कागदावर असतें. पुढें कोठेंही दाखला दाखवितांना दोन्ही बरोबर जोडावे लागतात. पदक वेगळ्या टपालानें येतें, पुष्कळदां मागाहून.