डोकं भादरलं, पुढं काय?

(श्रामणेर शिबिराच्या आदल्या रात्री वस्तीतल्या विहारात केलेलं भाषण)



मी भन्ते नाही, प्रोफेसर नाही. मॅट्रिक झालो नि गोदीत लागलो. दिवसा माल उतरवतो, रात्री डोळे उघडे राहिले तर कविता लिहितो. उद्या शिबिराला बसणाऱ्या पोरांशी बोल म्हणालात, म्हणून उभा राहिलो.

गेल्या पावसाळ्यात बोटीवर ब्रह्मदेशाचा, म्हणजे आताच्या म्यानमारचा, एक खलाशी भेटला. माझ्या गळ्यातला बाबासाहेबांचा फोटो बघून त्यानं मोबाइल काढला नि स्वतःचा लहानपणीचा फोटो दाखवला. नऊ-दहा वर्षांचं पोर, डोक्यावर मुकुट, ओठ रंगवलेले, घोड्यावर बसलेलं, वर सोनेरी छत्री. मी मोडक्या हिंदीत विचारलं, शादी? तो हसला. म्हणाला, शिन्ब्यू.

शिन्ब्यू म्हणजे पोराला श्रामणेर करण्याचा सोहळा. आधी त्याला सिद्धार्थासारखा राजपुत्र करतात, गावातून मिरवतात. मग विहारात सगळा थाट उतरवायचा. वस्तऱ्यानं डोकं साफ. पडणारे केस आई-बहीण पांढऱ्या कापडात झेलतात. पोरगं चीवर मागतं, दहा शीलं घेतं, हातात भिक्षापात्र घेतं. मग आठवडा, कुणी महिनाभर विहारात. दुपारनंतर जेवण बंद. आणि कालपर्यंत रपाटे घालणारी आई त्याच्या पाया पडते.

ही वाट राहुलची. बुद्धाचा पोरगा लहानपणीच श्रामणेर झाला. आजा शुद्धोदन कळवळला, तेव्हा नियम झाला की आईबापाच्या परवानगीशिवाय पोराला घ्यायचं नाही. पंधराच्या आत घ्यायचं नाही, असाही नियम झाला. पण साथीत घरदार मेलेली दोन पोरं उरली होती. आनंदानं विचारलं, यांचं काय? तेव्हा सूट मिळाली. कावळे हाकलता येत असतील तर पोराला घ्या!

हे मी गोदीत, जेवणाच्या सुट्टीत वाचलं. घास तसाच राहिला. आपलं वय असंच मोजतात की! दाखल्यावरून नाही, हाताला काय जमतं त्यावरून. बाप अंथरुणाला खिळला त्या दिवशी मी मोठा झालो.

पण एक झाकू नका. गुलामाला, कर्जदाराला, राजाच्या नोकराला प्रव्रज्या देऊ नये, हेही विनयातच लिहिलंय. दार उघडं होतं, पण दाराला उंबरठाही होता. आणि पुढं श्रीलंकेत 1753 साली सियाम निकाय उभा राहिला. थोड्याच वर्षांत त्याची उपसंपदा फक्त गोविगम जातीपुरती उरली. म्हणजे चीवरालाही जात चिकटली! बाहेर ठेवलेले गप्प बसले नाहीत. बोटीनं ब्रह्मदेशात गेले, तिथं उपसंपदा घेतली, 1803 साली परतले. त्यांचा तो अमरपूर निकाय. त्याच ब्रह्मदेशात जन्मलेल्या चंद्रमणी महास्थविरांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांना दीक्षा दिली.

आता आपलं बोलू. राजपुत्रानं राजवाडा सोडला. आपण काय सोडायचं? गळकं छप्पर?

उपाली न्हावी आठवा. शाक्य राजकुमार त्याच्यासोबत प्रव्रज्या घ्यायला गेले नि म्हणाले, आधी ह्याला घ्या. म्हणजे आम्ही ह्याला वंदन करू नि आमचा माज उतरेल. संघात थोरपण जन्मावरून नाही, दीक्षेच्या दिवसावरून. राजकुमारांनी माज सोडला. आपण लाचारी सोडायची. आपल्याकडं सोडण्यासारखं तेवढंच भरपूर आहे.

आणि पोरींचं काय? ब्रह्मदेशात पोराच्या शिन्ब्यूच्या मांडवातच पोरीचे कान टोचतात. आपल्याकडं पोरगा चीवर घालतो, बहीण पंगतीत वाढते. फरक काय पडला? भिक्खुणी संघाची तुटलेली परंपरा 1996 साली सारनाथला पुन्हा सुरू झाली. मग वस्तीतल्या पोरींना दहा दिवसांची जागा मिळू नये? उद्याच्या यादीत एकही पोरगी नाही. ही आपली लाज आहे.

बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय की भिक्खू होणाऱ्याला दीक्षा होती, घरात राहणाऱ्याला वेगळी धम्मदीक्षा नव्हती, आणि ही मोठी चूक होती. म्हणून शिबिराचे दहा दिवस सोपे. खरी परीक्षा अकराव्या दिवशी, चीवर उतरवल्यावर.

माझं सांगतो. पंधराव्या वर्षी मीही बसलो होतो. अकराव्या दिवशी शाळेत गेलो. मास्तर माझ्या डोक्याकडं बघून म्हणाले, "काय रे, घरी कोण मेलं?" अख्खा वर्ग हसला. मी मान खाली घालून बसलो. दहा दिवसांची शीलं पाठ होती, पण तोंडातून एक शब्द फुटला नाही.

ते उत्तर सापडायला मला दहा वर्षं लागली. तुम्हाला आजच देऊन ठेवतो. कुणी विचारलं तर मान वर करून सांगा :

गुरुजी, आमच्या घरचा जोहार मेला.

जय भीम.