साथीचे पहिले दिवस
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण, अल्प फेरफारांसह)



चिटणिसांनी आम्हांस बोलण्यासाठी पाचारण केले तेव्हा विषयाची निवड आमच्यावरच सोपविली होती. आम्ही साथीच्या रोगाचा विषय घेतला हे कळल्यावर एक-दोन स्नेह्यांनी स्पष्ट नापसंती दर्शविली. “तो काळ एकदाचा गेला, संमेलनाच्या दिवशी, मुलाबाळांसमक्ष, त्याची आठवण कशाला?” असे त्यांचे म्हणणे. ते अगदीच गैरवाजवी होते असे आम्ही म्हणत नाही. परंतु रोगाची चिकित्सा करण्याचा आमचा अधिकार नाही आणि हेतूही नाही. एखादी अनोळखी साथ दाराशी येऊन उभी राहते, तिचे नावही धड ठाऊक नसते, अशा पहिल्या दोन-तीन महिन्यांत माणसे कशाला भितात, एवढेच आम्हांस आज पाहावयाचे आहे. त्या ओघात आपल्या मंडळाच्या इतिवृत्तातील एका प्रकरणाकडेही यावे लागेल, आणि ते फारसे भूषणावह नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रथम सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मुंबईकडे वळू. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मांडवी भागात काही माणसे तीव्र ताप आणि काखेत वा जांघेत गाठ येऊन पटापट दगावू लागली. मांडवी म्हणजे बंदरालगतची, धान्याच्या वखारींची आणि अत्यंत दाट वस्ती. डॉ. अकाशियो व्हिएगस यांनी हा रोग ओळखला आणि तो प्लेग आहे असे महापालिकेच्या सभेत निर्भयपणे सांगितले. त्याचे स्वागत कसे झाले असेल याची कल्पना आपणांस करता येईल. प्लेग म्हटले की बंदर अडले, परदेशी व्यापार थांबला. म्हणून अधिकारीवर्ग काही काळ ‘संशयास्पद ताप’ अशाच सावध भाषेत बोलत राहिला. आपल्याकडील वैद्यांनी त्यास ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हटले, तर सामान्य माणसे नुसते ‘गाठीचा ताप’ म्हणत. नावाविषयीची ही चालढकल लोकांनी अचूक हेरली. सरकार काही लपवीत आहे अशी समजूत एकदा झाली, की पुढे खरे सांगितलेलेही खरे वाटत नाही.

६ ऑक्टोबर १८९६ रोजी महापालिकेने कडक हुकूम काढला. रोगी सापडल्यास त्याला घरातून उचलून रुग्णालयात न्यावयाचे, नातलगांना वेगळे ठेवावयाचे, घर धुऊन काढावयाचे. हेतू वाईट नव्हता. परंतु त्या काळच्या सामान्य माणसाच्या दृष्टीने इस्पितळ म्हणजे ज्याला कोणीच नाही त्याने मरावयाचे ठिकाण. तेथे कोण कोणत्या हाताने पाणी पाजील, बायकांना कोण स्पर्श करील, मेल्यावर अग्नी कोण देईल, या प्रश्नांना त्या हुकुमात उत्तर नव्हते. मग ते उत्तर अफवांनी दिले. इस्पितळात नेलेल्या माणसांच्या शरीरातून मोमियाई नावाचे औषध काढतात अशी वदंता उठली. त्याच महिन्यात मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्यास कोणी डांबर फासले होते. तेव्हा संतापलेल्या राणीस शांत करण्यासाठी रोग्यांची काळजे कापून विलायतेस पाठवितात, असेही लोक बोलू लागले. २९ ऑक्टोबर रोजी सुमारे हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले.

आज हे वाचताना हसू येते. परंतु हसण्यापूर्वी थोडे थांबावे अशी आमची विनंती आहे. त्या वेळी डॉक्टरांना तरी किती ठाऊक होते? रोगाचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये सापडला होता हे खरे. पण तो उंदरावरील पिसवेमार्फत माणसापर्यंत येतो, ही गोष्ट पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीत प्रयोगाने दाखविली, आणि ती सर्वमान्य होण्यास पुढे आणखी वर्षे लागली. तोवर शहरातील गटारे समुद्राच्या पाण्याने धुणे आणि घरोघर कार्बोलिक शिंपडणे चालू होते. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांच्या भिंतींवर ‘यू. एच. एच.’ ही इंग्रजी अक्षरे रंगविली जात. ज्याच्या दारावर ती अक्षरे पडली त्याने शेजाऱ्यास तोंड कसे दाखवावे?

हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी तो हुकूम सौम्य करण्यात आला. याचे एक कारण विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. आयुक्त स्नो यांना धास्ती पडली होती ती शहरातील सफाई कामगार भिऊन निघून जातील याची. ते गेले तर मुंबईत माणसाला राहणेच अशक्य होईल, हे त्यांनी ओळखले होते. ज्यांना एरवी कोणी उंबरठ्याच्या आत घेत नसे त्यांच्यावाचून हे नगर एक आठवडाही टिकत नाही, हा शोध शहराला साथीच्या भयाने लागला. इतर लोक मात्र थांबले नाहीत. १८९१ च्या शिरगणतीप्रमाणे मुंबईची वस्ती आठ लाखांवर होती. त्यांपैकी जवळजवळ निम्मी माणसे १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत आगगाडीने, बोटीने, पायी, मिळेल त्या मार्गाने शहर सोडून गेली. त्यांत कोकणची माणसे पुष्कळ होती, आणि त्यांच्याबरोबर रोगाचे भयही गावोगाव पोहोचले.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि सरकारला जवळजवळ अमर्याद अधिकार मिळाले. पुण्यात ते कसे वापरले गेले, सोजिरांनी घरझडत्या कशा घेतल्या आणि २२ जून रोजी रँडसाहेबांवर गोळी कशी झाडली गेली, हा इतिहास आपणां सर्वांस शालेय वयापासून ठाऊक आहे. तो येथे पुन्हा सांगत नाही. मुंबईत त्याच सुमारास एक निराळी गोष्ट घडली, आणि ज्ञातिसंस्थेच्या सभासदांनी ती मुद्दाम पाहण्यासारखी आहे. मार्च १८९७ मध्ये नेमलेल्या गॅटॅकरसाहेबांच्या प्लेग समितीने निरनिराळ्या ज्ञातींना व जमातींना आपापली रुग्णालये काढण्याची मुभा दिली. तीच खाट, तेच औषध. फरक एवढाच, की दाराशी ओळखीचा माणूस होता, स्वयंपाक आपल्या रीतीचा होता आणि आईला मुलाजवळ बसता येत होते. जी माणसे रोग्याला माळ्यावर वा कोठीत लपवीत, ती आता त्याला घेऊन स्वतः येऊ लागली. तेव्हा लोकांना रोगाचे भय होतेच, परंतु त्याहून मोठे भय ताटातुटीचे होते, असे आम्ही यावरून समजतो.

लसीची कथाही अशीच आहे. डॉ. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा प्रयोगशाळेत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. तरीही परक्या डॉक्टराच्या सुईवर कोण विश्वास ठेवणार? तेव्हा खोजा जमातीचे प्रमुख तिसरे आगाखान, त्या वेळी जेमतेम विशीच्या उंबरठ्यावरचे तरुण, यांनी आपल्या लोकांसमक्ष ती टोचून घेतली. शिवाय आपले एक मोठे घर हाफकिन यांच्या कामासाठी दिले. हे घर दिल्याची गोष्ट कृपा करून लक्षात असू द्यावी. तिच्याकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

मात्र ज्ञातीच्या रुग्णालयांचे गुणगान करून आम्ही थांबलो तर ती आत्मवंचना होईल. ज्या ज्ञातीजवळ पैसा होता तिला रुग्णालय मिळाले. ज्यांच्याजवळ काहीच नव्हते त्यांचे काय झाले? त्याच वर्षी पुण्याजवळ माळावर डॉ. यशवंत फुले यांच्या दवाखान्यात सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या, आणि तेथे कोणाची ज्ञाती विचारली जात नव्हती. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतील एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणले, आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. आपापल्या ज्ञातीचे दार उघडणाऱ्यांचा मान राखूनही आम्ही म्हणू, की ही पायरी फार वरची होती.

आता १९१८ चा इन्फ्लुएन्झा ओलांडून २०२० कडे येतो. ९ मार्च २०२० रोजी पुण्यात राज्यातील पहिले रुग्ण आढळले, आणि आठवड्याभरात विलगीकरणात ठेवावयाच्या माणसांच्या डाव्या हाताच्या पाठीवर शिक्का मारण्याचे ठरले. पूर्वी भिंतीवर अक्षरे होती, आता ती हातावर आली. असा शिक्का असलेला प्रवासी आगगाडीच्या डब्यात दिसला की लोक त्याला उतरवून देत. २२ मार्चला आपण सर्वांनी थाळ्या वाजवून डॉक्टर-परिचारिकांचा गौरव केला, आणि त्याच दिवसांत कित्येक घरमालक त्यांनाच खोल्या रिकाम्या करण्यास सांगत होते. २४ मार्चच्या रात्री टाळेबंदी जाहीर होताच आपण पिशव्या घेऊन वाण्याकडे धावलो. तत्पूर्वी कोंबडी खाल्ल्याने रोग होतो म्हणून कोंबड्या मातीमोल झाल्या होत्या. आमच्या घरी दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या जात आणि वर्तमानपत्र दिवसभर उन्हात पडून असे; पुढे कळले, की हा रोग मुख्यतः हवेतून पसरतो. गटारे धुणाऱ्या १८९६ च्या अधिकाऱ्यांना हसण्याचा अधिकार आम्ही त्या दिवशी गमावला. अवयव काढून नेणाऱ्या टोळ्या फिरत आहेत ही अफवा तर जशीच्या तशी परत आली, आणि १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यात तिने तीन निरपराध जीव घेतले.

धारावीत १ एप्रिलला पहिला रुग्ण सापडला तेव्हा पुष्कळांनी त्या वस्तीची आशा सोडली होती. तेथे महापालिकेने वस्तीत वर्षानुवर्षे दवाखाने चालविणाऱ्या खाजगी डॉक्टरांना बरोबर घेतले. परक्या माणसाला न उघडणारे दार ओळखीच्या डॉक्टराला उघडले. जुलैपर्यंत त्या वस्तीचे उदाहरण जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी दिले.

आता आपल्याकडे. मे महिन्यात आपले चाकरमानी बांधव मुंबईहून गावी परतू लागले. गावच्या वेशीवर दगड आणि काटेरी फांद्या टाकलेल्या होत्या. ज्यांच्या मनीऑर्डरींवर गावचे देऊळ उभे राहिले त्यांना चौदा दिवस शाळेत राहण्यास सांगण्यात आले. नियम चुकीचा होता असे आम्ही म्हणत नाही. घरोघर म्हातारी माणसे होती. आपल्या एका सभासदाची हकीकत मात्र सांगतो. ते येथे बसले आहेत आणि त्यांच्या अनुमतीनेच सांगत आहोत. ते शाळेत असताना नवव्या दिवशी त्यांच्या मातोश्री निवर्तल्या. घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर. दुरून, तोंडाला फडके बांधून, एकदा दर्शन घेऊ द्यावे एवढीच त्यांची विनवणी होती. गावच्या समितीत आपलीच तीन माणसे होती, आणि तिघांनीही नाही म्हटले. आईची यात्रा त्यांनी वर्गाच्या खिडकीतून पाहिली. “मला रोगाची भीती वाटली नाही, काका; पण त्या दिवशी माझ्याच माणसांची भीती वाटली,” असे ते आम्हांस म्हणाले. त्या तिघांपैकी एकजण नंतर त्यांच्या घरी जाऊन रडले. दोघे अद्याप गेलेले नाहीत.

आणि आम्ही मुंबईत काय करीत होतो? एप्रिल २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात जवळच्या एका रुग्णालयातील सहा परिचारिकांना घरमालकांनी घराबाहेर काढले होते. आपल्या ज्ञातिगृहातील वरच्या मजल्याच्या चार खोल्या रिकाम्या होत्या. त्या मिळाव्यात असा अर्ज मंडळाकडे आला. आम्ही त्या वेळी कार्यकारी मंडळावर होतो. दूरध्वनीवरून सभा झाली. कोणी पाण्याची टाकी एकच असल्याचे सांगितले, कोणी तळमजल्यावरील वृद्ध बिऱ्हाडकरूंची काळजी व्यक्त केली, आणि एका सद्गृहस्थांनी अर्जदार आपल्या ज्ञातीच्या नाहीत याकडे लक्ष वेधले. आम्ही त्यांना विरोध केला नाही. इतिवृत्तात ‘अर्ज विचाराधीन’ अशी नोंद आहे आणि तिच्याखाली इतरांबरोबर आमचीही सही आहे. एकोणीस दिवसांनी आम्ही परवानगी दिली, तोवर त्या भगिनींनी रुग्णालयाच्याच एका कोठारात गाद्या घालून सोय करून घेतली होती. त्यांचे पत्र आले; त्यात आभार मानले होते. दुसरा शब्द नव्हता.

पुढे जूनमध्ये त्याच खोल्यांत आपण अडकलेल्या विद्यार्थ्यांची सोय केली, तळमजल्यावरील भगिनींनी दोन महिने रोज साठ माणसांचा स्वयंपाक केला, आणि त्याची छायाचित्रे मागील स्मरणिकेत छापली आहेत. ती अभिमानाने छापावीत अशीच आहेत. परंतु त्या एकोणीस दिवसांविषयी कोणत्याही अहवालात ओळ नाही. ती या वर्षीच्या पुस्तकात असावी म्हणून हे भाषण छापण्यास आम्ही संमती दिली आहे.

यासंबंधी एक ठराव आम्ही आजच्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवला आहे. साथीच्या काळी आरोग्यसेवकांसाठी जागेची मागणी आल्यास वरच्या मजल्याच्या खोल्या, ज्ञाती न विचारता, दोन दिवसांच्या आत द्याव्यात. त्यासाठी सभेची वाट पाहू नये. तळमजल्यासाठी पाण्याची निराळी टाकी आताच बांधून घ्यावी. टाकीच्या खर्चाचा अंदाज खजिनदारांनी काढला आहे आणि आमचा वाटा आम्ही त्यांच्याकडे जमा केला आहे. खोल्यांच्या किल्ल्यांचा दुसरा जुडगा तळमजल्यावरील ज्या आजींनी त्या वेळी सर्वांत जास्त काळजी व्यक्त केली होती, त्यांनी आपणहून मागून घेतला आहे. रात्री-अपरात्री कोणी आले तर दार उघडावयास कोणीतरी हवे, असे त्यांचे म्हणणे.