शनिवारचा तास आणि परीक्षेची चाळणी

(प्राथमिक शिक्षकांपुढील भाषण)



शेगावच्या जवाहर नवोदय विद्यालयात सहाव्या वर्गासाठी दरवर्षी साधारणतः ८० मुले घेतली जातात. बुलढाणा जिल्ह्याचे तालुके १३ आणि त्या तेराही तालुक्यांतील पाचवीच्या मुलांसाठी चाळणी एकच. ही परीक्षा मुलाला एकदाच देता येते. निकाल लागला की ज्या गावचे मूल निवडले गेले तेथे सत्कार होतो, नारळ फुटतो, वर्तमानपत्रात छायाचित्र येते. त्यात गैर काही नाही. खेड्यातील मुलाचा सत्कार होऊ नये असे कोण म्हणेल? पण त्याच वर्गात, मागच्या रांगेत, एक मुलगी बसलेली असते. फळ्यावरचे गणित पुरते लिहून होण्याआधी तिने उत्तर मनाशी काढलेले असते. वेचणीच्या हंगामात ती आईबरोबर कपाशीच्या शेतात असते किंवा घरी धाकट्या भावाला सांभाळत असते. परीक्षेच्या दिवशी ती गैरहजर राहते, आणि तिच्या बुद्धीची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. आजचा प्रश्न त्या मुलीचा आहे.

या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे दिली जातात, आणि दोन्ही अपुरी आहेत. पहिले उत्तर असे की, हुशार मुले निवडावीत, वेगळी काढावीत, चांगल्या शाळेत घालावीत. बाकीच्यांचे जे होईल ते होईल. दुसरे उत्तर समतेच्या नावाने दिले जाते. सर्व मुले सारखी, म्हणून कोणाचा वेगळा विचार करणे हाच अन्याय, असे ते म्हणते. हे दुसरे उत्तर ऐकायला उदात्त वाटते. परंतु त्याची किंमत कोण मोजते? डॉक्टर-वकिलाच्या हुशार मुलाला शाळेने काही दिले नाही तरी त्याच्या घरी पुस्तके असतात, शिकवणी असते, प्रश्न विचारायला काका-मामा असतात. शेतमजुराच्या हुशार मुलाला शाळेखेरीज दुसरे काहीच नसते. शाळेने त्याच्या वेगळेपणाकडे डोळेझाक केली तर ते समतेचे पालन होत नाही. त्या मुलाचे एकमेव दार बंद होते. म्हणून विशेष बुद्धीच्या मुलांचा प्रश्न हा श्रीमंतांच्या चैनीचा प्रश्न समजून समतावाद्यांनी टाळू नये. तो सर्वांत आधी त्यांचाच प्रश्न आहे.

बुद्धी मोजण्याच्या उद्योगाचा इतिहास येथे थोडा आठवला पाहिजे. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी सहकारी सिमाँ यांच्यासह पहिली बुद्धिमापन कसोटी तयार केली. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना कोणती मदत हवी हे कळावे, एवढाच तिचा हेतू होता. बुद्धी ही जन्मतः ठरलेली, न वाढणारी वस्तू आहे हे मत बिने यांना मान्य नव्हते. मात्र हीच कसोटी अटलांटिक ओलांडून अमेरिकेत गेली आणि तेथे ती मुलांना उतरंडीवर बसविण्याचे साधन झाली. १९२१ साली लुईस टर्मन यांनी कॅलिफोर्नियात सुमारे दीड हजार अतिबुद्धिमान मुले निवडून त्यांचा आयुष्यभर पाठपुरावा सुरू केला. त्या निवडीच्या वेळी दोन मुलगे कसोटीत कमी पडले आणि वगळले गेले. एकाचे नाव विल्यम शॉकले, दुसऱ्याचे लुईस अल्वारेझ. शॉकले यांना १९५६ साली आणि अल्वारेझ यांना १९६८ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. निवडलेल्या दीड हजारांत मात्र नोबेल कोणालाही मिळाले नाही. भारतात वि. वि. कामत यांनी बिनेच्या कसोटीचे मराठी व कन्नड रूपांतर केले आणि १९४० साली त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. ते काम मोलाचे आहे. परंतु कसोटी कितीही काळजीने बनविलेली असो, एका दिवसाची चाळणी ती चाळणीच. तिच्या छिद्रांतून काय गळून गेले हे चाळणीला कळत नाही.

महाराष्ट्राला ही गोष्ट फार पूर्वी सांगितली गेली होती. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी शिष्यवृत्त्यांचा प्रश्न काढला. चढाओढीने शिष्यवृत्त्या देणे वरवर न्याय्य दिसले, तरी त्यामुळे ज्यांच्यात शिक्षण पोहोचलेलेच नाही अशा वर्गांत त्याचा प्रसार होत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. रयतेच्या करातून उभा राहणारा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो आणि प्राथमिक शिक्षण उपाशी राहते, ही त्यांची तक्रार त्याच निवेदनातली. सुमारे दीड शतकानंतरही हे शब्द जुने झालेले नाहीत.

तरीही स्वातंत्र्योत्तर काळातील प्रयत्नांना त्यांचे श्रेय दिलेच पाहिजे. १९६२ साली डॉ. वि. वि. पेंडसे यांनी पुण्यात ज्ञानप्रबोधिनी स्थापन केली आणि विशेष बुद्धीच्या मुलांच्या शिक्षणाचा पद्धतशीर विचार मराठीत सुरू झाला. त्याच दशकात राज्य शासनाने ग्रामीण भागातील हुशार मुलांसाठी पुसेगाव, अमरावती आदी ठिकाणी विद्यानिकेतने काढली. १९८५-८६ साली नवोदय योजनेची पहिली दोन विद्यालये उघडली, त्यांतील एक शेजारच्या अमरावतीतच होते. नवोदयात किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात, एक तृतीयांश मुलींसाठी असतात, निवास व भोजन विनामूल्य असते. अनेक शेतकऱ्यांची मुले या वाटेने पुढे गेली. म्हणून ही विद्यालये नकोत असे कोणी म्हणू नये. मात्र या सर्व योजनांत एक समान गोष्ट आहे. त्या मुलाला त्याच्या शाळेतून उचलून दुसरीकडे नेतात, आणि ते जेथे होते ती शाळा जशी होती तशीच राहते. चौथीपर्यंत त्या मुलाचे काय झाले, आणि जे उचलले गेले नाही त्याचे पुढे काय होणार, याचे उत्तर कोणतीही योजना देत नाही.

या जिल्ह्यात बुद्धी कोणकोणत्या रूपाने वावरते ते पाहावे. जळगाव जामोद तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी निहाली भाषा बोलणारे लोक राहतात. ही भाषा जगातील कोणत्याही ज्ञात भाषाकुलाशी जोडता आलेली नाही, आणि ती बोलणारे उरले आहेत जेमतेम दोन ते अडीच हजार. अशा घरातील मूल घरी निहाली, शेजाऱ्यांशी कोरकू, बाजारात वऱ्हाडी आणि शाळेत पुस्तकी मराठी, अशा तीन-चार भाषांतून वाट काढीत असते. मोठ्या शहरात एखाद्या सात वर्षांच्या मुलाला चार भाषा येत असत्या तर त्याच्या मुलाखती झाल्या असत्या. येथे त्याच मुलाच्या नावापुढे ‘भाषा कच्ची’ असा शेरा पडतो. जो समाज चार भाषांच्या धन्याला कच्चा ठरवतो, त्याची मोजपट्टीच तपासायला हवी.

मग करावे काय? उत्तर साधे आहे: प्रत्येक शाळेत आठवड्यातून एक दिवस असा ठेवावा की ज्या दिवशी प्रश्न पाठ्यपुस्तकातून न येता परिसरातून येईल, आणि तो सर्व मुलांपुढे येईल. राज्य शासनाने २०२४ साली पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ जाहीर केला. म्हणजे कागदावर जागा आहे. ती कशाने भरायची हे शिक्षकाच्या हाती आहे.

शेगाव, संग्रामपूर, नांदुरा हा पूर्णाकाठचा भाग खारपाणपट्ट्यात मोडतो. तेथील शाळेत एका शनिवारी मुलांनी आपापल्या विहिरीचे, हातपंपाचे, नळाचे पाणी आणावे. सारख्या ताटल्यांत सारखे माप ओतून त्या उन्हात ठेवाव्यात. पाणी आटले की कोणत्या ताटलीत किती पांढरा थर उरला ते पाहावे. पुढच्या शनिवारी कोणत्या पाण्यात साबणाला फेस किती येतो ते पाहावे आणि गावाचा नकाशा काढून गोड व खारी पाणवठ्याची ठिकाणे त्यावर मांडावीत. हे काम पहिलीचे मूलही करील आणि चौथीचेही. या ठिकाणी एखादे मूल विचारील, डोंगराकडचे पाणी गोड आणि काठाचे खारे असे का? दुसरे विचारील, पाऊस पडल्यावर ते बदलते का? तो प्रश्न हीच खरी परीक्षा. त्या मुलाला तिसऱ्या शनिवारी पुढचे काम द्यावे. २०२० च्या जून महिन्यात लोणारच्या सरोवराचे पाणी गुलाबी झाले होते. पाण्याची पातळी घटली, क्षार वाढले आणि खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव फोफावले, असे शास्त्रज्ञांनी त्याचे कारण सांगितले. ताटलीतला पांढरा थर आणि लोणारचे गुलाबी पाणी यांचा संबंध दहा वर्षांच्या मुलाने स्वतः जोडला, तर त्याला जे मिळते ते कोणत्याही मार्गदर्शिकेत मिळणार नाही.

लोणार, मेहकरकडच्या शाळांनी ओढ्याच्या वाळूतून लोहचुंबक फिरवावे आणि त्याला चिकटणारे काळे कण कोठून आले याचा शोध घ्यावा. चिखली, मोताळ्याकडील मुलांनी आठवडी बाजारातील भाव नोंदवावेत, घरी आलेली शेतमालाची पावती वाचावी, वजन आणि वजावट यांचा हिशेब मांडावा. ज्या घरातील कर्त्या माणसाने आजवर पावतीवर केवळ अंगठा उमटवला, त्या घरातील नऊ वर्षांचे मूल वजावटीचा आकडा तपासू लागते तेव्हा गणित हा विषय राहत नाही, ते हत्यार बनते. सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळांनी एकाच वस्तूची निहाली, कोरकू, वऱ्हाडी आणि पुस्तकी नावे भिंतीवर लिहावीत. त्या दिवशी ‘भाषा कच्ची’ असलेले मूल वर्गाचा गुरू होईल.

या तासाचे तीन नेम मात्र पाळले पाहिजेत. पहिला नेम असा की, आरंभीचे काम सर्वांचे असावे. कोण हुशार हे आधी ठरवून त्यांनाच बोलावू नये. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जोसेफ रेंझुली यांनी १९७८ साली मांडले की, सरासरीहून अधिक क्षमता, कामाला चिकटून राहण्याची वृत्ती आणि सर्जनशीलता ही तीन जेथे एकत्र येतात तेथे प्रतिभा प्रकटते. चिकाटी आणि सर्जनशीलता काम दिल्यावाचून दिसणार कशी? दुसरा नेम असा की, ज्याला पुढचा प्रश्न पडला त्याला पुढचे काम जरूर द्यावे. त्याच काठिण्याची आणखी दहा गणिते देऊन त्याच्या वेगाला शिक्षा करू नये, किंवा त्याला कायमचा वर्गनायक करून मागच्या मुलांना सांभाळण्यास लावू नये. आणि तिसरा नेम नोंदीचा. शिक्षकाने एक वही ठेवावी. तीत गुण न मांडता प्रश्न लिहावेत: कोणत्या मुलाने कोणत्या दिवशी काय विचारले. वर्षाअखेर ती वही चाळली तर मागच्या रांगेतील मुलीचे नाव तीत वारंवार दिसेल. तिला परीक्षेच्या दिवशी शाळेत आणण्यासाठी तिच्या आईकडे जाण्याचे कारण मग शिक्षकाच्या हाती असेल.

आक्षेप माहीत आहेत. दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग, त्यात सर्वेक्षणे, निवडणुकीची कामे, पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती. शिक्षकाने हे केव्हा करावे? हा आक्षेप खोटा नाही. शिक्षकाला शिकवू द्या ही मागणी संघटनांनी अधिक जोराने लावून धरलीच पाहिजे, आणि रिक्त जागा भरल्याशिवाय कोणताही उपक्रम टिकणार नाही हेही शासनाला सुनावले पाहिजे. परंतु वर सांगितलेल्या कामांना ताटल्या, पाणी, ऊन, लोहचुंबक आणि एक वही यापलीकडे काही लागत नाही. चार इयत्ता एकत्र बसतात ही त्या शाळेची अडचण असते. या एका तासापुरती ती सोय ठरते, कारण दुसरीतील चलाख मूल चौथीच्या प्रश्नापर्यंत आपोआप पोहोचते. खरा धोका निराळा आहे. हा शनिवार शिष्यवृत्तीच्या सराव-प्रश्नपत्रिकांनी गिळला जाईल, किंवा गाणी-कवायतीत उरकून छायाचित्र काढून वर पाठवला जाईल. पहिल्याने तो चाळणीचा चाकर होईल, दुसऱ्याने तो देखावा होईल. दोन्हींपासून त्याला राखणे हे शिक्षकांचे आणि शाळा व्यवस्थापन समितीतील पालकांचे काम आहे.

पश्चिम विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांसाठी २००६ साली पंतप्रधानांना पॅकेज जाहीर करावे लागले, त्यांत बुलढाणा होता. येथील कष्टकऱ्यांच्या मुलांची बुद्धी ही या जिल्ह्याची न मोजलेली जमीन आहे. नवोदयात गेलेल्या मुलांचा अभिमान सर्वांनी बाळगावा. परंतु शाळेची परीक्षा तेथे न गेलेल्यांवरून व्हावी. जिजाऊंचे सिंदखेडराजा ज्या जिल्ह्यात आहे, तेथे एखाद्या मुलीचा प्रश्न विचारायचा राहून गेला म्हणून तिची बुद्धी मातीत गेली, असे घडता कामा नये. येत्या शनिवारी पाण्याच्या ताटल्या उन्हात ठेवल्या जाव्यात. प्रश्न मुलेच विचारतील.